राष्ट्र, पेंग्विन आणि शैला

२९ जून २००३, रविवार

आज उगाच आठवलं. चौथीत असू आम्ही. कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्या, कडुलिंबाची सावली, मी आणि शैला. तिच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, माझ्या डब्यात भाकरी आणि झुणका. विशेष काही घडलं नाही. अर्धं अर्धं खाल्लं, नळावर हात धुतले, एकमेकींच्या पिनाफोरला पुसले, घंटा झाली. एवढंच. आता साठीला आल्यावर हे का आठवावं?

शैला आली चारला, नेहमीसारखी. हिंचक्यावर बसली, झोका घेतला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली की दिवाळी झाली की ती जातेय. न्यू जर्सीला, मुलाकडे. बडोद्यातलं, इथलं समा भागातलं घर बंद करून, कायमची. मी म्हटलं, छान. बिस्कीट घे.

हा आजचा मुख्य विषय नाही.

मुख्य विषय राष्ट्राचा आहे. गेल्या आठवड्यात बँकेत गेले तर सिस्टिम बंद. तिथून बिल भरायला गेले तर तिथेही बंद. दोन्हीकडे काउंटरवरचे लोक हाताची घडी घालून बसलेले, दोन्हीकडे पडद्यावर तोच निळा रंग. शंभर कोटींचा देश, आणि उभा कशावर, तर एका परदेशी कंपनीच्या एका सिस्टिमवर. कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच सगळीकडे आहे. उद्या ती बुडाली, रुसली, नाही तर नुसती पाठ फिरवून निघून गेली तर आपण काय करायचं? वर्षानुवर्षं सवय लावायची, आणि मग एक दिवस चहा पिता पिता सांगायचं की जातेय?

ठराव: सुरुवात स्वतःपासून. माझ्या घरातून ती सिस्टिम हद्दपार.


३ जुलै, गुरुवार

वरदला पुण्याला फोन केला. माझ्या भावाचा मुलगा, संगणक इंजिनिअर. आमचा संगणकही त्यानेच गेल्या वर्षी दिला. तो आधी हसला. मग म्हणाला, आत्या, तू क्रांतिकारक आहेस. (हे वाक्य मी दोनदा वदवून घेतलं. लाइन खराब होती.)

त्याने सांगितलं की दुसरी सिस्टिम आहे. नाव लिनक्स, बोधचिन्ह पेंग्विन. जगभरच्या लोकांनी मिळून केली, मालक कोणी नाही, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी. सीडी पाठवतो म्हणाला, पण तू एकटी बसवू नकोस, मी दिवाळीत येतो. तोपर्यंत थांब.

राष्ट्र दिवाळीपर्यंत थांबू शकत नाही.


१० जुलै, गुरुवार

सीडी आली. सकाळीच बसवायला घेतली. पेंग्विनने फार अदबीने प्रश्न विचारले. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला कॉन्व्हेंटच्या सिस्टर आम्हाला एकच उत्तर शिकवायच्या: येस, प्लीज. मी सगळ्याला येस म्हटलं. एक येस बहुधा सगळं पुसून टाकण्याबद्दलचा होता.

गेलेल्या वस्तू: ह्यांच्या रिटायरमेंटचे फोटो, ह्यांनी केलेली गोरव्याच्या जुन्या कारखान्यातल्या मित्रांच्या वाढदिवसांची यादी, आणि ह्यांचे पत्ते. दुपारी जेवण झालं की हे संगणकावर पत्ते लावतात. आज जेवले, खुर्चीवर येऊन बसले, बराच वेळ पेंग्विनकडे बघितलं. पेंग्विनने ह्यांच्याकडे बघितलं. मग स्कूटर काढून गोरव्याला गेले.

क्रांती म्हटली की थोडी झळ बसायचीच.

इंटरनेट लागत नाही. वरद फोनवर म्हणाला की आपला मॉडेम फक्त त्या कंपनीचीच भाषा समजतो. बघा! पोस्टमनसुद्धा फितवलेला. मी म्हणते ते यापेक्षा वेगळं काय?


१८ जुलै, शुक्रवार

सोसायटीची पाहणी पूर्ण. भयानक. ज्यांच्या ज्यांच्याकडे संगणक आहे त्या सगळ्यांना तो संगणकवाल्या हार्दिकने जोडून दिलाय, आणि सगळ्यांत हार्दिकने एकाच सीडीतून ती सिस्टिम ओतलीय. सीडीवर मार्करने नंबर लिहिलेला. म्हणजे राष्ट्र एका कंपनीवर, आणि आमची सोसायटी एका सीडीवर, जी हार्दिकच्या स्कूटरच्या डिकीत असते. मी त्याला हे गांभीर्याने सांगितलं. तो म्हणाला, आंटी, चिंता ना करो, बीजी कॉपी छे. म्हणजे आणखी एक प्रत आहे!

स्वतंत्र संगणक समिती, समा, आज स्थापन झाली. अध्यक्ष मी. सेक्रेटरी शैला. तिने होकार दिला असं नाही, पण तोंडात खमण असल्यामुळे नकारही आला नाही. सदस्य हे, गैरहजेरीत.

शैलाने विचारलं, नोव्हेंबरनंतर सेक्रेटरी कोण? म्हटलं, नोव्हेंबरचं नोव्हेंबरमध्ये बघू.

जाताना तिने पिशवीतून दोन कॅमेरे काढले. अंड्याएवढे, संगणकावर बसवायचे. एक तिचा, एक माझा. मुलाने सांगितलंय म्हणे, दर रविवारी तिथली सकाळ, इथली संध्याकाळ, समोरासमोर बोलता येतं. हार्दिक पाच मिनिटांत बसवून देईल. फक्त सिस्टिम ती पाहिजे.

मी म्हटलं, पेंग्विनवर चालेल. ती म्हणाली, नाही चाललं तर? मी तिला राष्ट्रीय धोका पुन्हा पहिल्यापासून समजावला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, संयू, मला देश नको गं. रविवारी तुझं तोंड दिसू दे, बास.

शैला पहिल्यापासून संकुचित. नागरिकशास्त्रात नेहमी काठावर पास.


१३ ऑगस्ट, बुधवार

विजय! विजय!

कालपासून कुठला तरी व्हायरस आलाय. संगणक चालू केला की मिनिटभरात आपोआप बंद. बी ब्लॉक बंद, सी ब्लॉक बंद, मराठी मंडळाच्या प्रतापसिंहरावांचा बंद, शैलाचा बंद. हार्दिक जिन्यांवरून वरखाली धावतोय, शर्ट ओला. एकटा माझा संगणक सुरू. दार उघडं ठेवलं. लोकांना बघू दिलं. सगळ्या सोसायटीत पेढे वाटले.

हे म्हणाले, तुझ्या संगणकाला इंटरनेटच नाही. ज्या घराला दारच नाही त्यात चोर शिरणार कुठून?

ह्यांना डावपेच कळत नाहीत. म्हणूनच पत्त्यांतही हरायचे.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर मला पाच मिनिटं दिली. मी पंचवीस घेतली. म्हटलं, बडोदेकरांना हे शिकवायला नको. आपल्या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचे छोटे रूळ होते. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. आज बँक, वीज, तिकिटं, पोरांच्या मार्कशीट्स, सगळं एका कंपनीच्या ताब्यात. एक कळ दाबली की सगळा देश अंधारात.

टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांना जिलबी दिसत होती हे खरं, पण पडल्या.

मग प्रतापसिंहराव उठले. मंडळाचे अध्यक्ष, वडिलांकडच्या तीन पिढ्या संस्थानच्या फौजेत, त्यामुळे बसूनही उभ्यासारखे बोलतात. म्हणाले, ताईसाहेब, ते छोटे रूळ आम्ही पाहिलेत. गाडी आपली होती खरी, पण कापसाची प्रत्येक गासडी उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावी लागायची. हमालांची पाठ मोडायची.

मी म्हटलं, स्वाभिमानाला वजन असतंच.

शैला पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. नेहमी हसते.


२७ ऑगस्ट, बुधवार

मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका यंदा पेंग्विनवर करायची असं मीच सुचवलं होतं. प्रतापसिंहराव तयार झाले, कारण त्यांचा संगणक अजून आजारी. मी तीन दिवस बसून टाइप केली. मराठी अक्षरं सुबक आली. आरतीची वेळ, मुलांचं नाटक, महाप्रसाद, सगळं. फ्लॉपीवर घालून प्रेसमध्ये दिली.

आज गठ्ठे आले. वर गणपतीचं चित्र, खाली छापील चौकोन. नुसते रिकामे चौकोन, ओळीच्या ओळी. प्रेसवाल्याच्या मशीनमध्ये ती कंपनी बसलेली. तिला माझी मराठी वाचता आली नाही. म्हणजे बघा! आपलीच भाषा, आपलाच गणपती, आणि दिसायला परवानगी तिची!

प्रेसवाल्याला मी विचारलं की एवढे चौकोन बघून शंका आली नाही का. तो म्हणाला, बेन, मला वाटलं तुम्ही मराठी लोक रांगोळीची बॉर्डर मागताय.

प्रतापसिंहरावांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उलटी केली. मग म्हणाले, ताईसाहेब, महाप्रसाद कुठल्या चौकोनात आहे तेवढं सांगा.

शेवटी शैला घरोघर जाऊन तोंडी सांगून आली. गुडघे दुखत असताना. संध्याकाळी माझ्या दारातल्या ओट्यावर बसून पाय दाबत होती. माझ्याकडे चौकोनांचे अडीचशे नमुने शिल्लक आहेत. धोक्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतील.


५ ऑक्टोबर, रविवार, दसरा

सोनं द्यायला शैलाकडे गेले. घरभर खोकी. तिच्या पाटावरवंट्याला कुणी गिऱ्हाईक नाही म्हणून रडवेली झाली होती. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं की समितीची पुढची मोहीम शाळांमध्ये. मुलांना लहानपणीच शिकवायला हवं की सगळा भार एकावर टाकू नये.

ती एकदम उसळली. म्हणाली, तू मला शिकवतेस? भाजी माझ्याशिवाय घेत नाहीस. डॉक्टरकडे माझ्याशिवाय जात नाहीस. साडी मी हो म्हटल्याशिवाय पिशवीतून काढत नाहीस. ह्या एवढ्या मोठ्या गावात दुसरी मैत्रीण केलीस का कधी? देशाचं राहू दे, तुझं काय होणार ते सांग.

मुद्द्याशी संबंध नव्हता, म्हणून सोनं तिच्या हातात ठेवलं आणि निघाले.

येताना भाजीच्या हातलारीपाशी थांबले. गवार कोवळी होती की नव्हती, ठरवता आलं नाही. घेतली नाही.


२५ ऑक्टोबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

वरद आलाय. मॉडेम बदलून इंटरनेट सुरू केलं. पेंग्विनवर! हा प्रचंड विजय आहे.

कॅमेरा मात्र चालत नाही. सकाळपासून पालथा पडून प्रयत्न केले बिचाऱ्याने. शेवटी म्हणाला, आत्या, हा कॅमेरा बनवणाऱ्यांनी फक्त त्याच कंपनीसाठी बनवलाय. पेंग्विनसाठीचा प्रोग्रॅम जगात कोणी तरी लिहील एक दिवस. मी विचारलं, कोण? कोणी तरी. कधी? त्याला वेळ झाला की.

मी म्हटलं, दोन आठवड्यांत होईल?

वरदने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, आत्या, शैलामावशीसाठी तेवढी जुनी सिस्टिम टाकू या का परत? कुणाला कळणार नाही.

मी त्याला सांगितलं की स्वातंत्र्य असं कुणाला न कळता विकायचं नसतं. तो अनारसे खाऊ लागला. हे आतून म्हणाले, पत्ते तरी टाक रे.


८ नोव्हेंबर, शनिवार

शैला गेली.

गाडी आली, सामान चढवलं. मी कोरडीच होते. तिने खिडकीतून सांगितलं, रविवारी साडेसात, विसरू नकोस, केस विंचरून बस. मी म्हटलं, बसेन.

चारला चहा दोघींचा झाला. दुसरा ह्यांनी प्यायला. म्हणाले, साखर फार. तिला फार लागते.


१६ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी साडेसात. केस विंचरले, मोतिया रंगाची साडी नेसले, कॅमेऱ्यासमोर बसले. कॅमेरा आंधळा. पेंग्विनवर नुसतं टाइप करून बोलता येतं, तेवढं केलं. ती एका बोटाने टाइप करते. एका वाक्याला भाजी चिरून होते. लिहिलं, संयू दिसत नाहीस. मी लिहिलं, समोरच बसलेय. तिने लिहिलं, अंधार दिसतोय. लाइट लाव.

मी लाइट लावला. काय उपयोग आहे ते माहीत होतं, तरी लावला.

ठराव: पुढच्या रविवारपर्यंत कॅमेरा चालेल.


२३ नोव्हेंबर, रविवार

चालला नाही. कॅमेरा कंपनीला कडक शब्दांत ईमेल. प्रत पंतप्रधानांना. (पत्ता सापडला नाही, म्हणून प्रत वरदला.)


३० नोव्हेंबर, रविवार

शैलाने लिहिलं की पुढच्या रविवारी जमणार नाही. सूनबाई देवळात नेणार आहे. तिथे पुष्कळ बडोद्याच्या बायका येतात म्हणे. एक तर चक्क सेव-उसळ करून आणते. एक राजमहालाच्या मागच्या गल्लीतली. शैलाला मी लिहिलं, वा, मजा कर.

मग बसून 'राष्ट्रीय परावलंबन: एक इशारा' हा लेख पूर्ण केला. फार धारदार झालाय. हे म्हणाले की शेवटच्या पानावर कंपनीला तू 'विश्वासघातकी, सेव-उसळीला भाळलेली' म्हटलंयस. घाईत लिहिलं की असं होतं. खोडलं.


१४ डिसेंबर, रविवार

साडेसातला बसले. साडेआठला उठले. ती आली नाही. देऊळ असेल.

समितीची बैठक घेतली. उपस्थिती एक.


२१ डिसेंबर, रविवार

आजही नाही. फोन लावला तर सून म्हणाली, आई दोन आठवड्यांपूर्वी बर्फात घसरल्या, मनगटाला प्लास्टर आहे, टाइप करता येत नाही. काळजी नको. तुम्हाला विचारत होत्या.

प्लास्टर. आणि मला पंधरा दिवस पत्ता नाही.

मी म्हटलं, बघा, हा धोका. एकच मार्ग, तोही एका बोटावर. हे उठले, टीव्ही बंद केला. चाळीस वर्षांत क्रिकेट चालू असताना पहिल्यांदा. म्हणाले, संयोगिता, देश मी सांभाळतो. तू हार्दिकला बोलाव.


२३ डिसेंबर, मंगळवार

हार्दिक येऊन गेला. डिकीतली तीच सीडी. मी निषेध म्हणून सबंध वेळ स्वयंपाकघरात होते. निषेधात बटाटवडे झाले, ते त्याला दिले. पेंग्विन जाताना काही बोलला नाही. फार सभ्य होता.

पत्ते आल्याबरोबर ह्यांनी खुर्ची पुढे ओढली.


२८ डिसेंबर, रविवार

मी काही मुद्दे काढून ठेवले होते. की ही तात्पुरती व्यवस्था आहे. की तत्त्वाशी तडजोड नाही.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग शैला. लोकरीची टोपी, गळ्यात अडकवलेला हात. मला बघून म्हणाली, अगं, किती वाळलीस!

एकही मुद्दा आठवला नाही. तिने प्लास्टर दाखवलं, नातवाने त्यावर फूल काढलंय. मी गवार कशी ओळखायची ते विचारलं. ती हसायला लागली आणि तेवढ्यात चित्र अडकलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसता हसता तशीच राहिली. हे म्हणाले, बंद करून परत चालू कर. मी माउसला हात लावू दिला नाही.

त्या कंपनीचा एक गुण मान्य करायला हवा. अडकते तेव्हा माणूस जागचा जात नाही.


१४ जानेवारी २००४, बुधवार, उत्तरायण

सगळे गच्चीवर पतंग उडवताहेत. खाली शांत आहे तेवढ्यात लिहून ठेवते.

समिती बरखास्त नाही. हा पराभवही नाही. दर रविवारी साडेसात ते साडेआठ मी प्रतिपक्षाच्या तळात बसून पाहणी करते. धोका होता तसाच आहे. माझं भाषण कोणी खोडून काढलेलं नाही. परंतु अध्यक्षांना पाहणीमुळे वेळ नसल्याने कामाची वाटणी पुढीलप्रमाणे.

पेंग्विनची सीडी वरदला परत. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम कोणी लिहिला तर त्याने कळवावं. चौकोनांच्या पत्रिका प्रतापसिंहरावांना, पाठकोऱ्या आहेत, त्यांना हिशेबाला होतील. पंधरा ऑगस्टचं भाषण ज्याला हवं त्याला, पूर्ण पंचवीस मिनिटांचं. लेख ह्यांना, पण पत्ते लावून झाल्यावर. अध्यक्षपद तूर्त रिकामं ठेवावं. शैलाचा पाटावरवंटा मी आणलाय, तो कोणाला द्यायचा नाही.

आणि हार्दिक. काल कळलं की तो सुरतला दुकान काढतोय. गेल्या रविवारी संगणकाचा आवाज गेला तेव्हा त्यानेच येऊन आणला, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, मी आसपास सगळ्यांना विचारलं. त्याला हवं तर बाकीचे सहा दिवस सुरतने घ्यावेत. रविवारचा हार्दिक मला द्यावा.